टी.वाय.चा फॉर्म



जून महिन्यात आमच्या घरी तीन कामं ठरलेली असतात. वर्षाच्या डाळींना ऊन दाखवून त्या डब्यांत भरायच्या, दुकानात छत्र्या नि ताडपत्र्यांचा माल उतरवून घ्यायचा आणि मुलांचे प्रवेशाचे फॉर्म भरायचे. मुळशीत पाऊस एकदा बसला की बसला. त्यामुळे जे काय करायचं ते मिरगाच्या आधी. यंदा डाळी भरून झाल्या, ताडपत्र्या आल्या. फॉर्म मात्र अडला.

त्या दिवशी चौविहाराची वेळ टळत आली होती. बाईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, जेवण झालं होतं. ह्यांचं शेवटचं पाणी चाललं होतं. धाकटा मैदानावरून आला तो कोपरापर्यंत मातीनं माखलेला. मी ताट वाढलं. मुगाची खिचडी, कढी, भाजलेला पापड. त्यानं पहिला घास घेतला आणि ताटाकडे बघतच म्हणाला, "मम्मी, मी टी.वाय.चा फॉर्म भरणार नाही. कॉलेज सोडतोय. कबड्डीच्या शिबिरात जायचंय."

ह्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला. तेवढाच काय तो आवाज झाला.

आमचा धाकटा वीस वर्षांचा आहे. एस.वाय.बी.कॉम.ची परीक्षा नुकतीच दिलेली. डाव्या कोपऱ्यात खेळतो. चढाईला आलेल्याचा घोटा पकडण्यात त्याचा हात बसलाय असं त्याची मंडळातली मुलं सांगतात. मला त्यातलं फार कळत नाही. मला कळतात ते त्याचे फाटलेले गुडघे आणि रोजच्या धुण्यातली लाल माती.

२०१४ साली टीव्हीवर प्रो कबड्डी लीग सुरू झाली तेव्हा तो तिसरीत होता. त्याआधी इथल्या मुलांसाठी कबड्डी म्हणजे भात कापून झाल्यावर मोकळ्या खाचरात आखलेलं मैदान, नाहीतर गावच्या यात्रेतले सामने. बक्षीस म्हणून ढाल मिळायची. मग अचानक तोच खेळ रंगीत मॅटवर, दिव्यांच्या झगमगाटात आला. बालेवाडी आमच्यापासून काही लांब नाही. पुणेरी पलटणचे सामने तिथे व्हायला लागले आणि मुलांना वाटायला लागलं की चांदणी चौक ओलांडला की नशीब उभंच आहे. १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये पलटणनं हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिल्यांदा विजेतेपद घेतलं. तेव्हा ह्याची बारावीची परीक्षा चालू होती. पुस्तक मांडीवर, डोळे टीव्हीवर. कर्णधार अस्लम इनामदार नगर जिल्ह्यातला, खेड्यातून वर आलेला. "बघ मम्मी, आपल्यासारखाच आहे," असं म्हणताना त्याचा आवाज चिरकला होता. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्या रात्री घरात कोणी ओरडलं नाही. आमच्याकडे ओरडत नाहीत, आमच्याकडे हिशेब मांडतात. ह्यांनी दुकानाची वही काढली आणि मागच्या कोऱ्या पानावर लिहायला घेतलं. संघ किती? बारा. एका संघात जास्तीत जास्त खेळाडू किती? पंचवीस. बारा पंचविसा तीनशे. "सगळ्या देशात तीनशे जागा. हरियाणाची मुलं आहेत, तमिळनाडूची आहेत, बाहेरच्या देशांतली आहेत. तुझी जागा कुठली?"

धाकट्याचाही हिशेब तयार होता. २०२३ च्या लिलावात पवन सेहरावतला तेलुगू टायटन्सनं २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतलं. आपल्या चंदगडकडच्या सिद्धार्थ देसाईला २०१९ साली १ कोटी ४५ लाख मिळाले. गेल्या काही हंगामांत सगळ्यात खालच्या गटातल्या खेळाडूची मूळ बोलीसुद्धा ९ लाखांची होती. "पप्पा, बी.कॉम. होऊन पिरंगुटच्या कंपनीत मला महिन्याला किती मिळतील?" ह्यावर हे गप्प. कारण आकडा दोघांनाही माहीत होता.

मी मध्ये पडले. "अरे, शिक्षण पूर्ण कर आणि मग जा कुठे जायचं तिथे." सगळ्या आया म्हणतात तेच. तो म्हणाला, "मम्मी, संघ तरुण मुलं शोधतात. तेविसाव्या वर्षी नवीन म्हणून मला कोण घेणार?"

रात्रभर झोप लागली नाही. पहाटे सामायिकाला बसले. ४८ मिनिटं मन स्थिर ठेवायचं, पण माझं मन शिबिराच्या स्वयंपाकघरात फिरत होतं. आणि तिथेच मला माझी चोरी सापडली. मी तोंडानं "पदवी, पदवी" म्हणत होते, पण माझी खरी भीती पदवीची नव्हतीच. माझी भीती अंड्यांची होती. मोठ्या पातेल्यात उकडलेली अंडी, रात्री नऊ वाजता पंगत, शंभर मुलांत एकटा बसलेला माझा मुलगा. मागे एकदा त्याला कोणीतरी सांगितलं होतं की डाळ-भातावर कोपरारक्षक उभा राहत नाही. तेव्हापासून मी त्याला भिजवलेले मूग, चणे, शेंगदाणे, पनीर, सातू, दूध असं वेळ ठरवून देत आले. आता ती वाटी माझ्या हातातून सुटणार होती. हे सरळ सांगायची लाज वाटली म्हणून मी पदवीला पुढे केलं.

मग बाकीच्यांकडे बघितलं. ह्यांची भीती दुकानाची होती. मोठा मुलगा नोकरीला बंगळूरला, हा खेळायला गेला तर गल्ल्यावर बसणार कोण? बाईंची भीती अशी की समाजात मुलगी कोण देईल. आणि ज्याला आम्ही निर्धास्त समजत होतो त्या धाकट्याची भीती सगळ्यांत मोठी. वय निघून जाईल ही. चौघांच्या चार भीत्या आणि सगळ्यांनी पांघरलेली शाल एकच, शिक्षणाची.

रविवारी न्यू जर्सीहून पुतणीचा फोन आला. तिला सगळं सांगितलं तर ती हसायलाच लागली. "काकी, हा तर इथला दरवर्षीचा घरोघरचा वाद आहे." तिथे बास्केटबॉलची मोठी लीग आहे, एनबीए. दरवर्षी संघ नवीन मुलं निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. दोन फेऱ्या, सुमारे साठ मुलं. पूर्वी काही जण शाळेतूनच थेट जायचे. कोबी ब्रायंट १९९६ साली गेला, लेब्रॉन जेम्स २००३ साली. पुढे २००५ च्या करारात नियम आला की वय १९ हवं आणि शाळा संपून एक वर्ष झालेलं हवं. झालं असं की मुलं एक वर्षापुरती कॉलेजात नाव घालतात आणि निघतात. नियमानं मुलगा वर्गात बसतो, पण शिकतोच असं नाही, असं ती म्हणाली. ते मला पटलं.

मग तिनं दोन मुलांच्या गोष्टी सांगितल्या. त्या सांगण्यासाठीच मी आज लिहायला बसले आहे.

पहिला टिम डंकन. कॅरिबियन समुद्रातल्या एका लहान बेटावरचा. तो चौदा वर्षांचा व्हायच्या आदल्या दिवशी त्याची आई कॅन्सरनं गेली. जाण्याआधी तिनं मुलांकडून वचन घेतलं होतं की कॉलेज पूर्ण कराल. पुढे तो इतका चांगला खेळायला लागला की मध्येच सोडलं असतं तर मोठमोठ्या रकमा हात जोडून उभ्या होत्या. त्यानं चारही वर्षं पूर्ण केली, मानसशास्त्राची पदवी घेतली आणि १९९७ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्याच क्रमांकावर निवडला गेला. पाच वेळा विजेतेपद मिळवलं.

दुसरा शकील ओनील. तो १९९२ साली कॉलेज अर्धवट टाकून गेला. पैसा, नाव सगळं मिळालं. पण त्यानंही आईला शब्द दिला होता, पदवी घेईन म्हणून. आठ वर्षांनी, २००० साली, जगातला एवढा मोठा खेळाडू असताना त्यानं राहिलेले विषय पूर्ण करून पदवी घेतली.

मी पुतणीला विचारलं, "आणि ज्यांचं काहीच झालं नाही, ते?" ती थोडी थांबली. मग म्हणाली, "आपला सतनाम सिंग. पंजाबातल्या खेड्यातला, चौदाव्या वर्षी अमेरिकेला आणलेला. २०१५ मध्ये ५२ व्या क्रमांकावर निवडला गेला, भारतात जन्मलेला पहिलाच. पण एनबीएचा एकही सामना त्याला खेळायला मिळाला नाही."

म्हणजे निवड झाली तरी खेळायला मिळेलच असं नाही. आणि मिळालं तरी गुडघ्याचा भरवसा काय? ज्या अस्लमकडे बघून आमचा मुलगा निघाला होता, तोच पुढच्या हंगामात गुडघा दुखावून बाहेर बसला. २०१९ च्या ऑक्टोबरात संपलेली लीग करोनामुळे पुन्हा सुरू झाली ती थेट २०२१ च्या डिसेंबरात. त्या दोन वर्षांत ज्यांची ऐन उमेद होती त्यांनी काय केलं असेल? आमच्याच भागातला एक मुलगा आहे. त्यानं कॉलेज सोडलं होतं, एका शिबिरात दोन वर्षं राहिला, मग गुडघ्याची शिरा तुटली. आता कंपनीचा टेम्पो चालवतो. दुकानात आला की धाकट्याशी अगदी मनापासून बोलतो, पकडी दाखवतो. पण तो गेला की हे माझ्याकडे बघतात आणि मी डब्यांची झाकणं लावत बसते.

आषाढात चातुर्मासासाठी महासतीजींचा प्रवेश झाला. एका दुपारी स्थानकात गर्दी नव्हती. वंदना केली, सुखसाता विचारली आणि न राहवून सगळं बोलून टाकलं. त्या म्हणाल्या, "बाई, संसाराच्या गोष्टीत आम्ही हो किंवा नाही म्हणत नाही. खेळाला तर आमची अनुमोदना नसतेच." मी उठायला लागले. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "मी किती शिकले आहे, माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं. "दहावी," त्या म्हणाल्या. "माझ्या दीक्षेला तुमच्यासारख्याच लोकांनी वरघोडा काढला होता. कुणीही विचारलं नाही की बारावीचा फॉर्म भरला का."

मी खालमानेनं बसून राहिले. खरंच की. आमच्या घरातली मुलगी उद्या दीक्षेसाठी कॉलेज सोडते म्हणाली असती तर आम्ही रडलो असतो, पण पेपरात फोटोही दिला असता. मुलगा कबड्डीसाठी सोडतो म्हणाला तर घरात सुतक आल्यासारखं. दोन्ही सोडणं सारखं नाही, हे मलाही कळतं. एक मोक्षासाठी, दुसरं मॅटसाठी. पण मुलाच्या डोळ्यांत जे दिसतं ते ओळखायला आम्ही कधी शिकलोच नव्हतो.

मग महासतीजींनी दुसरी गोष्ट सांगितली. "पण दीक्षा मागितली की लगेच मिळत नाही. आईवडिलांचं आज्ञापत्र लागतं. मुलीला आधी आमच्यासोबत विहारात चालावं लागतं, लोच बघावा लागतो, पाठ करावं लागतं. वर्ष जातं, कधी दोन. काही मुली परत घरी जातात. त्यांना कोणी हसू नये, ही समाजाची जबाबदारी." आणि त्यांनी आचार्य आनंदऋषीजींचं नाव घेतलं. नगर जिल्ह्यातल्या चिचोंडीचे. १९१३ साली तेराव्या वर्षी दीक्षा झाली. घर सुटलं, पण शिकणं वाढलं. संस्कृत, प्राकृत, आगम. आणि मोठेपणी त्यांच्याच प्रेरणेनं पाथर्डीला धार्मिक परीक्षा बोर्ड उभं राहिलं. ज्याच्या परीक्षा मी, माझ्या नणंदांनी, आम्ही सगळ्यांनी दिल्या आहेत. "घर सोडणारा शिकणं सोडतोच असं नाही," त्या म्हणाल्या, "आणि कॉलेजात बसणारा शिकतोच असं नाही. तुम्ही मुलाला काय सोडतोस हे विचारलंत. काय धरतोस, हे विचारलंत का?"

आम्ही नव्हतं विचारलं.

त्या संध्याकाळी चौघं बसलो. आता प्रश्न बदलला होता. त्याच्या कॉलेजच्या एका सरांना ह्यांनी फोन केला. सरांनी फार शांतपणे समजावलं. २०२० च्या नवीन शैक्षणिक धोरणात पदवी मध्येच थांबवायची सोय आहे. पहिलं वर्ष झालं की प्रमाणपत्र, दुसरं झालं की पदविका, त्यासाठीच्या अटी पूर्ण केल्या तर. मिळवलेली श्रेयं खात्यात जमा राहतात, सात वर्षांपर्यंत. म्हणजे आता सुटलं तर दोन वर्षं पाण्यात, असं नाही. शिवाय नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. १९८९ पासून नोकरी करणारे, शेती करणारे, संसारातल्या बायका तिथून पदव्या घेतात. वर्गात रोज बसावं लागत नाही.

सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती धाकट्यानं कान टवकारून ऐकली. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. रेल्वे, पोलीस, बँका खेळाडूंना घेतात. पण ज्या पदाला पदवी लागते, तिथे खेळाडूलाही पदवी लागते. पॅरिसला नेमबाजीत ब्राँझ मिळवणारा आपला कोल्हापूरकडचा स्वप्नील कुसाळे मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. नोकरीच्या आधारावर त्यानं वर्षानुवर्षं सराव केला. "लीग दोन-तीन महिन्यांची असते बेटा," सर म्हणाले, "वर्ष बारा महिन्यांचं असतं."

मग दुकानाच्या त्याच वहीत, हिशेबाच्या खाली, आम्ही लिहिलं. दोन वर्षं. या दोन वर्षांत कुठल्या संघानं घेतलं तर पुढचं पुढे. नाही घेतलं तर घरी यायचं आणि येताना मान खाली घालायची नाही. तिसरं वर्ष मुक्त विद्यापीठातून, परीक्षा चुकवायची नाही. ह्यांची अट होती की दिवाळीच्या आठ दिवसांत गल्ल्यावर बसायचं. बाईंनी अट घातली नाही. त्यांनी नुसतं मांगलिक ऐकवलं.

माझी पाळी आली. मी म्हणणार होते, "अंडं खाणार नाहीस असा नियम घे." शब्द ओठांवर आले होते. पण आपल्याकडे पच्चक्खाण ज्याचं त्यानं घ्यायचं असतं. दुसऱ्यानं गळ्यात बांधलेला नियम हा नियम नसतो, दोरी असते. वीस वर्षं मी त्याच्या ताटात वाढलं. त्यातलं त्याच्या मनात किती उतरलं, हे आता त्यालाच कळणार होतं. मी एवढंच म्हणाले, "डब्यात सातू आणि चणे देते. संपले की सांग."

तो हसला. म्हणाला, "मम्मी, तू विचारलं नाहीस ते मला कळलं."

जुलैच्या शेवटी तो गेला. एका हातात किटची बॅग, दुसऱ्या हातात मुक्त विद्यापीठाच्या पुस्तकांचा गठ्ठा आणि पाठीवर माझा डबा. पौडच्या स्टँडवर इतका पाऊस होता की आमच्याच दुकानातली ताडपत्री त्यानं बॅगेवर गुंडाळली. हे म्हणाले, "हिची किंमत मांडून ठेवतो." हे त्यांचं रडणं.

अजून निवड कुठेच झालेली नाही. पहिल्या यादीत त्याचं नाव नव्हतं. फोनवर आवाज बारीक झाला होता. मी काही समजावलं नाही. वहीत दोन वर्षं लिहिलीत, त्यातला एकच महिना झालाय, इतकंच म्हटलं.

पर्युषणात मीही एक नियम घेतला. लोकांनी अठाई केली, मासक्षमण केलं. माझा नियम लहान आहे. त्याचा फोन आला की "काय जेवलास?" हे विचारायचं नाही. तो आपणहून सांगेल ते ऐकायचं. ऐकायला सोपं वाटतं ना? करून बघा. संध्याकाळ होते, सूर्य डोंगराआड जातो, आणि जीभ आपोआप वळायला लागते.

आतापर्यंत दोनदा मोडला आहे. प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी आयंबिल केलं. दुसऱ्यांदा मोडला तेव्हा तो पलीकडून म्हणाला, "मम्मी, उद्या तुझं आयंबिल." आणि थोडं थांबून म्हणाला, "तुझे सातू संपले. पाठव."

संवत्सरीला त्याचा सकाळीच फोन आला. "मिच्छामि दुक्कडम् मम्मी." मीही म्हणाले. ज्या गोष्टींची क्षमा मागायची त्यांत मी ती पहाटही धरली होती, जेव्हा मी पदवीच्या आडून अंड्यांशी भांडत होते. त्याला ते कधी सांगितलं नाही. आज इथे लिहिलं आहे. वाचेल तेव्हा वाचेल.